वाडग्याच्या बुडावरचं नाव

भवानी पेठेत भांड्यांवर नावं घालायची तर मल्लप्पाकडंच, हे ठरलेलं होतं. लग्नाची पितळी भांडी असोत की स्टीलचे डबे, छिन्नी आणि छोट्या हातोडीनं तो बोलता बोलता ठिपक्यांची अक्षरं उठवी. भांडं जुनं घेतलेलं असेल तर आधीच्या मालकाचं नाव तो वहीत उतरवून घेई, मग कुरुंदाच्या दगडानं घासून काढी आणि नवं घाली. उद्या कुणी चोरीचा आळ घेतला तर वही दाखवता यावी, हा बापानं लावलेला शिरस्ता.

पण पेठेला त्याचं खरं कौतुक होतं ते चिनी भांड्यांपायी. कुणाच्या माळ्यावर निळ्या नक्षीची जुनी बशी निघाली की ती पारखायला मल्लप्पाच्या ओट्यावर येई. तो ती पालथी करी आणि बुडाच्या कड्यावर, जिथं चकाकी नसते तिथं, अंगठा फिरवी. माती पांढरी, घट्ट लागायला हवी. चकाकी संपते तिथं तांबूस रेघ दिसली तर आणखी बरं. शिक्का तो सगळ्यात शेवटी बघे. शिक्का काय, कुणीही काढतो, असं त्याचं म्हणणं.

हे शहाणपण त्याला सुखासुखी आलेलं नव्हतं. त्यापायी गुरम्माचा वाडगा कामी आला होता.

अठ्ठेचाळीस साली गुरम्मा नवी नवरी होती. गाव सोडून निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून तिच्या वडलांनी घेतलेला निळा-पांढरा वाडगा ती नाव घालायला घेऊन आली. बुडावर सहा निळी अक्षरं होती. मल्लप्पाला वाटलं, आधीच्या मालकाचं नाव. शिरस्त्याप्रमाणं त्यानं पातळ कागद ठेवून ती गिरवली, कागद वहीत चिकटवला आणि कुरुंद हाती घेतला. नाव काही निघेना. ते चकाकीच्या खाली होतं, हे त्याला कुठं ठाऊक! दुपारभर घासून त्यानं तीन अक्षरं उडवली आणि तिथं काच कापायच्या हिरकणीनं 'गुरम्मा' कोरलं. ती खूश होऊन गेली.

पुढं काही वर्षांनी रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारा एक चिनी माणूस त्याच्या ओट्यावर टेकला. वहीतला तो कागद बघून त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, की हे मालकाचं नाव नव्हे, अमक्या बादशहाच्या काळी घडवलं असा शिक्का आहे. वर हेही सांगितलं, की आमचे कारागीर मानापोटी जुन्या बादशहाचं नावही घालतात, नुसत्या शिक्क्यावर जाऊ नकोस. तेव्हापासून मल्लप्पा दिसेल त्या चिनी भांड्याचं बूड वहीत उतरवू लागला. आणि गुरम्मा रस्त्यानं येताना दिसली की मान खाली घालून ठोकत बसू लागला, पुढ्यात भांडं नसलं तरी.

शहात्तरच्या वैशाखात गुरम्मा तोच वाडगा घेऊन आली. लेकीचं, दाक्षायणीचं, लग्न ठरलं होतं. माझं नाव काढा आणि तिचं घाला, म्हणाली.

मल्लप्पाचा अंगठा कड्यावरून फिरला. माती पांढरी, घट्ट. रेघ तांबूस. नवं नाव लांब, त्याच्या जागेसाठी घासलं तर उरलेली तीन अक्षरंही जाणार. दगड झिजलाय असं सांगून तिला वाटेला लावावं, असं मनात येऊन गेलं. पण त्यानं वही काढली आणि सगळं सांगून टाकलं.

गुरम्मानं त्या सहा अक्षरांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे बादशहाचं नाव खोडून माझं घातलं की वो मल्लप्पाण्णा."

"व्हय अक्का. चुकलो."

"अट्टावीस वर्सं ताक प्याले त्यातनं. आदी सांगितलं असतं तर जरा ऐटीत प्याले असते."

खरंच बादशहाच्या काळचा आहे का, असं तिनं विचारलं.

"चिनी हाय, जुना हाय, एवडं माती सांगती," मल्लप्पा म्हणाला. "पुढचं न्हाय सांगता येत. आन् वाडग्याला आता दगड लावणार न्हाय मी."

मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. वहीतलं ते पान फाडलं. सहा अक्षरांखाली गुरम्माचं नाव लिहिलं, त्याखाली दाक्षायणीचं, आणि घडी करून वाडग्यात ठेवलं.

ओटा उतरून गुरम्मा चार पावलं गेली आणि वळली.

"आता मी दिसले तर रिकामं ठोकत बसू नगा. लांबनं कळतंय."