कांतामावशीचं उखळ आणि माझा मिक्सर

जालन्याच्या दुकानदाराने माझ्यासमोर लसूण चटणीची दोन पाकिटं फोडली. लेबल एकच, बनवणारा बचत गट एकच. "मॅडम, दोन्ही चाखा," तो म्हणाला.

पहिली चटणी झकास होती. दुसरी जिभेवर ठेवली आणि घशापर्यंत कडू झालं.

"गिऱ्हाईक रोज भांडून राह्यलं. पुढचा माल एकसारखा आला न्हाई तर ऑर्डर बंद. माझा पण नाइलाज हाय."

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. बचत गटांना कोणतं मशीन घ्यायचं ते सांगणं हे माझं काम. भोकरदनजवळच्या एका गावात नऊ बायका ही चटणी करायच्या. ऑर्डर गेली असती तर त्या पुन्हा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेल्या असत्या. आणि त्यांना मोठा कमर्शियल मिक्सर घ्यायला मीच लावलं होतं.

त्याच दिवशी गावात गेले. लसूण तपासला, चांगला होता. बायका पाकळ्यांना तेल चोळून उन्हात टाकायच्या, मग पोत्यावर रगडून सालं सुपाने पाखडायच्या. त्यात खोट नव्हती. खोबरं, तिखट, मीठ, सगळं बरोबर. मिक्सर तर लख्ख होता, जरा जास्तच लख्ख.

मग मला कांतामावशी दिसल्या. गटात वयाने सगळ्यात मोठ्या. उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं आणि लसणाने बोटांची कातडी सोललेली.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काही न्हाई, असंच."

गटाची अध्यक्ष सुशीला मध्येच बोलली. "मॅडम, मशीनमधी चटणी कडू होऊन राह्यली. मंग जेवढी जमती तेवढी मावशी घरी नेऊन उखळात कुटती. बाकीची मशीनची जाती."

"मग मला फोन का नाही केला?"

"तुम्ही एवढ्या धावपळीनं मशीन आणलं. उद्घाटनाला तुमचे साहेब आल्ते, नारळ फोडला. मंग मशीन खराब हाय कसं म्हणावं? तुम्हाला खाली पाहावं लागलं असतं."

मला फार लाज वाटली. माझी अब्रू राखायला साठीतली बाई आपलं मनगट झिजवत होती, आणि मी ऑफिसात मिक्सरचे फोटो फाइलला लावत होते.

मशीन खराब नव्हतं, चुकीचं होतं. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. पाकळी फुटली की आतले घटक एकमेकांत मिसळतात आणि झणका तयार होतो. पातं जोरात फिरलं की लसणाचा पार चिखल होतो आणि झणका नको इतका वाढतो. त्यात भांडं तापतं, खोबऱ्याला तेल सुटतं, चव कडवट होते. कुटलेला लसूण भरड राहतो, तापत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मशीन निवडताना मात्र तासाला किती किलो निघतं, एवढंच पाहिलं.

गावातल्या मिरची कांडप गिरणीत गेलो. तिथे लोखंडी मुसळं वरखाली आपटतात, म्हणजे विजेवरचं उखळच. आम्ही मुसळं धुवून घेतली आणि सकाळी तयार केलेल्याच लसूण-खोबऱ्याची एक खेप कुटली. मावशींच्या घरी त्यांनी डोळे मिटले आणि मी उखळाची, मिक्सरची आणि कांडपाची चटणी भाकरीवर एकेक करून दिली. मिक्सरची त्यांनी लगेच बाजूला सारली. उरलेल्या दोन्ही दोनदा खाल्ल्या. "ह्यातलं माझ्या हातचं कोणतं, समजून न्हाई राह्यलं," त्या म्हणाल्या.

साहेबांना फोन करून मशीन बदलून मागितलं. "अहो मॅडम, उद्घाटन झालंय. आता मशीन चुकलं म्हणायचं?"

"मशीन नाही सर. निवड माझी चुकली, असं लिहिते."

ते म्हणाले, "लिहा."

मिक्सर बिनलसणाची शेंगदाणा चटणी करणाऱ्या दुसऱ्या गटाकडे गेला. भोकरदनजवळच्या गटाला कांडप मशीन आलं. दुकानदाराने नव्या मालाची चार पाकिटं फोडून चाखली आणि ऑर्डर चालू ठेवली. मावशी आता खोबरं भाजण्यावर देखरेख करतात. मनगट अजून पूर्ण बरं नाही.

साहेबांना फोन केला त्या दिवशी निघताना मावशींनी मला हळूच विचारलं होतं, "आमच्यापायी तुम्हाला साहेब बोलले तर न्हाई ना?"

हल्ली मी मशीन बसवते, पण पहिला महिनाभर उद्घाटन होऊ देत नाही. नारळ फुटला की बायका तक्रार करत नाहीत.