करवंदांचा दोष नव्हता

माझी बहीण सोमवारी सकाळी पालघरच्या दवाखान्यात वारली. मूत्रपिंडांत जंतू पसरले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दहाव्याला उमरोळीला तिच्या सासरी बायका जमल्या होत्या. तिची सासू म्हणाली, "करवंदांनी नेली तिला. सांगून ऐकाय नाय. जिभेपायी गेली."

बायकांनी माना डोलावल्या.

मी बोलणाऱ्यांतली नाही. तेव्हा बोईसरच्या शाळेत शिकवायचे, घरी आले की पुस्तक उघडायचे. पण माझी बहीण जिभेपायी गेली, हे मी त्या घरात ठरू देणार नव्हते.

दवाखान्यात तिनं मला सांगितलं होतं. घर रस्त्यावर, मागे उघडं शेत. सुनेनं बाहेर जायचं ते उजाडण्याआधी, नाहीतर अंधार पडल्यावर. म्हणून ती दिवसा पाणीच प्यायची नाही. घसा सुकला की डोंगरातल्या बाईकडून घेतलेली करवंदं चोखायची. लघवीला आग होते, हे लाजेनं कुणाला बोलली नाही. हुडहुडी भरून ताप चढला तेव्हा घरात कळलं.

"मावशी," मी म्हटलं, "करवंदांनी नाही, तहानेनं नेली. मागे संडास असता तर ती पाणी प्यायली असती."

"आमी नाय दिवस काढले? आमी मेलो काय?"

"तुम्ही उरलात म्हणून बोलताय. गेल्या त्यांना कोण विचारणार?"

"बघा गो मास्तरीणबाय! सुतकाच्या घरात हागायच्या गोष्टी करते!"

कुणीतरी पदरात हसलं.

"करते," मी म्हटलं. "तिनं केल्या असत्या तर आज इथे बसली असती."

तिची धाकटी जाऊ सगळ्यांना पाणी देत होती. ती थांबली. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून ती सासूसमोर घटाघटा प्यायली, आणि तिनं पुन्हा पेला भरला.

सासरे ओटीवर ऐकत होते. तारापूरला विजेचं केंद्र उभं राहत होतं, आणि येईल त्याला ते गावात दिवे येणार म्हणून सांगायचे. निघताना मी त्यांना म्हटलं, "दिवे येतील तेव्हा येतील. आधी संडासाचा आडोसा बांधा." पावसाआधी त्यांनी तो बांधला.

परदेशातल्या एका आंबट फळातली द्रव्यं जंतूंना मूत्रमार्गात चिकटू देत नाहीत, असं पुढे कधीतरी वाचलं. करवंदांत तसं काही असतं का, मला माहीत नाही. असलं तरी पाण्याचं काम त्यांनी का करावं?

बहिणीचा फोटो नाही. संडास आहे. त्या घरातल्या सुना दिवसा पाणी पितात.