अण्णांच्या गळ्यातलं इष्टलिंग

माझ्या वडिलांना, अण्णांना, लातूरच्या दवाखान्यात आयसीयूत नेताना सिस्टरनं त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिलं. आत धातू चालत नाही, दोरा चालत नाही. आम्ही लिंगायत, हे जिवंतपणी अंगावेगळं करत नसतात, असं मी तावातावानं सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिचं तरी काय चुकलं, नियम काही तिनं केलेला नव्हता.

काचेतून जे दिसलं ते मी आईला, अव्वाला, सांगितलं नाही. अण्णांना शुद्ध नाही म्हणत होते, पण त्यांचा उजवा हात सारखा छातीवर जायचा, चाचपायचा. नळ्या उपसतील म्हणून शेवटी तो हात पलंगाला बांधला. पहाटे ते गेले.

उदगीरला रीतीप्रमाणे बसवून माती दिली. जंगमस्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि सगळं यथासांग झालं म्हणाले. अव्वाच्या मनातलं कुसळ काही निघालं नाही. जीव जाताना अंगावर लिंग नव्हतं, मग मागून ठेवलेलं काय कामाचं? भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती हेच विचारायची, आणि जो तो म्हणायचा, देवाला सगळं कळतं. असली समजूत ऐकली की माझं डोकं फिरायचं. देवाला कळत असेलही, पण झोप अव्वाची उडाली होती.

धाकटा भाऊ इराकमध्ये, बसऱ्याला वेल्डर आहे. त्याला सुट्टी मिळाली ती माती झाल्यावर. एका संध्याकाळी त्यानं तिथल्या ओळखीच्या म्हाताऱ्या सोनाराची गोष्ट काढली. सोनार मँडियन धर्माचा. नदीकाठी राहणारी, वाहत्या पाण्याला मानणारी ही माणसं आता तिथं थोडीच उरली आहेत. त्यांच्या पोथ्या लांबलचक, गुंडाळून ठेवायच्या. त्यांतल्या एकीवर मेल्यानंतरची वाट चितारलेली त्यानं पाहिली होती. नाक्यामागून नाके, त्यांवर अडवणारे पहारेकरी आणि शेवटी तराजू. धान्याच्या मोंढ्याशेजारी जन्म गेलेल्या अव्वाला तराजू लगेच पटला. त्यांच्यात माणूस मरायला टेकला की त्याला आंघोळ घालून पांढरा पोशाख चढवतात. जीव जाताना तो अंगावर नसला तर वाटेत अडतं.

"आन् कुणी अचानक गेला तर?" अव्वानं विचारलं.

भाऊ म्हणाला, त्यावरही विधी आहे. मेलेल्याच्या जागी दुसऱ्या जिवंत माणसाला तो पोशाख घालतात, आणि तो त्याला पोचतो.

मला भावाचा रागच आला. आमच्यात गेलेला माणूस शिवात मिळतो. पुढं ना वाट, ना नाके. हिच्या जिवाला आधीच घोर कमी होता म्हणून हा परमुलखातून नाके घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं मला देवघरात बोलावलं. माझं लहानपणीचं लिंग मी कॉलेजात असतानाच काढून ठेवलं होतं. ते डबीतून काढून तिनं माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"ह्यांच्या जागी बस," ती म्हणाली. "तुझा हात ह्यांच्यावानीच रुंद हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवरून मी अख्ख्या घराशी भांडलेली आहे. पण तिचा चेहरा बघून मुकाट्यानं बसले.

तिनं विभूती लावली, बेल ठेवला, आणि मान वर न करता विचारलं, "हात छातीवर नेत व्हते न्हवं?"

हिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. जन्मभर ती त्या माणसाशेजारी पूजेला बसत आली होती.

"हाव," मी म्हणाले. बांधल्याचं सांगायला जीभ रेटली नाही.

अव्वानं माझ्या तळहातावरचं बेलाचं पान सरळ केलं. मग म्हणाली, "मंग अजून बी शोधतच असतील. तू मूठ मिटू नको."

माझ्या हाताला रग लागली, खांदा दुखायला लागला. भावानं आणून ठेवलेला चहा निवला. काचेपलीकडचा तो बांधलेला हात डोळ्यांसमोरून जाईना, आणि मी मूठ उघडीच ठेवली.