चंपाशेठचं गॅरेज

चंपाशेठ गिऱ्हाइकाला राम राम करायच्या आधी त्याच्या गाडीखाली शिरायचा. तळोद्यात त्याच्या गॅरेजसमोर मी पहिल्यांदा पिकअप उभी केली, तेव्हा मला आधी दिसल्या त्या त्याच्या भेगाळलेल्या टाचा. आवाज खालूनच आला, "मोलगीकडली गाडी शे ना? पोट पुरं सोलाई गयं इन्हं."

डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला माणसं आणि माल नेताना माझ्या गाडीचं पोट दगडांवर आपटायचं, म्हणून मी मोठे टायर घातले होते. आता ते मडगार्डला घासत होते. त्यासाठी बॉडी चेसिसपासून उचलावी लागते, आणि त्याचं तयार सामान शहरातून मागवणं आमच्या आवाक्याबाहेरचं. शेठने साखर कारखान्याच्या भंगारातला जाड रबरी पट्टा आणला, त्याच्या गोल चकत्या कापल्या, मधे लोखंडी पाइपाचे तुकडे बसवले. लांब बोल्ट जुन्या ट्रकचे. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे त्याने स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं. शेवटी न सांगता दाराखाली एक पायरी वेल्ड केली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"गाडी उंच करनं सोपं शे भाऊ. बसनाराना पाय तेवढाच ऱ्हातस."

शेठ हे नाव लोकांनी ठेवलेलं. तो खरोखरच मारवाडी व्यापाऱ्याच्या घरातला. भावांचं कापडाचं दुकान बाजारपेठेत आजही आहे. तरुणपणी त्याने जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं आणि घर तुटलं. चार-पाच वर्षांत ती तापाने गेली. त्यानंतरही घराचं दार उघडलं नाही, आणि त्यानेही ते वाजवलं नाही. गॅरेजमागच्या खोलीत तो एकटा राहायचा. मी दुपारी गेलो की माझ्या डब्यातली भाकरी मोडायचा, पण आपल्या ताटावर बसायला कोणाला बोलवायचा नाही.

एकदा भावांचा ड्रायव्हर त्यांची पिकअप घेऊन आला. भाऊ आले नव्हते. शेठने फक्त विचारलं, "माय बसस का हाई गाडीमा?"

"मंदिरात नेतो कधी कधी," ड्रायव्हर म्हणाला.

त्या गाडीला त्याने एक नाही, दोन पायऱ्या लावल्या. धरायला दांडी केली आणि तिच्या कडा बोट फिरवत, पुन्हा पुन्हा घासत बसला.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी गॅरेजसमोर थांबली. मी तिथेच होतो. दांडी धरून एक ठेंगणी म्हातारी सावकाश उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "थूं घणो दुबळो हुयग्यो रे," ती मारवाडीत म्हणाली.

शेठचे ओठ हलले. शब्द आले ते अहिराणीत. "नही मा, बरा शे मी."

म्हातारीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. पोराच्या तोंडी आपली बोली उरली नव्हती. तिने त्याच्या काळ्या हातावरून हात फिरवला आणि ती परत गाडीत बसली.

थंडीत ती वारली. निरोप कोणी धाडला नाही. बाजारात कोणाकडून तरी कळून तो स्मशानात पोचला तेव्हा माणसं परतत होती. भाऊ बाजूने निघून गेले.

आठवड्याने मी गेलो. तो बाकड्यावर बसला होता, समोर चहा गार झालेला.

"त्या दिवशी मारवाडीमाच बोलनं व्हतं माले," तो म्हणाला. "तोंडमा उनंच नही. मंग रोज एकटाच मारवाडी बोली देखू. म्हंतलं, पुढला टाइमले बोलसू." तो थांबला. "आते कोनाशी बोलू?"

मी चहा पुन्हा मागवला.

घाट चढून घरी पोचायला संध्याकाळ झाली. उशीर केला म्हणून माझी आई दारातूनच आमच्या पावरी बोलीत ओरडू लागली. मी इंजिन बंद केलं आणि गाडीतच बसून राहिलो. तिला अजून थोडं ओरडू दिलं.