पोटमाळ्यावरचे सोडे

जयपूरच्या शास्त्री नगरमधलं ते घर आम्हाला मिळालं, कारण मी धडधडीत खोटं बोलले. मालकांची अट एका वाक्याची होती: घरात जीव मारायचा नाही आणि शिजवायचाही नाही. मालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या आंटीजींनी, माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "मराठी लोग तो मच्छी-वच्छी खाते हैं ना?" मी रत्नागिरीची. पण नवऱ्याची बँकेतली बदली होऊन महिना उलटला होता, आम्ही तिघं गेस्ट हाऊसच्या एका खोलीत कुजत होतो, आणि या घरापासून मुलीची शाळा पाच मिनिटांवर होती. "नहीं जी, बिलकुल नहीं," मी म्हटलं. नवऱ्याला तेवढ्यात खोकला आला.

ताज्या मासळीचा विचार मी सोडूनच दिला होता. सोडे मात्र सुटले नाहीत. दर मे महिन्यात माहेरी गेले की आई मला सोड्यांची पिशवी द्यायची. ती स्वतः कोळंबी आणून सोलायची, मीठ लावून गच्चीवर वाळत घालायची आणि काठी घेऊन कावळे हाकत उन्हात बसून राहायची. मी ते तुपाच्या रिकाम्या डब्यात भरायची, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवायची, त्यावर जुना परकर गुंडाळायची आणि डबा पोटमाळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात सरकवायची. मालक मंडळी कुणाच्या लग्नाला गावी गेली की खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून आमच्याकडे सोडे घातलेलं वांगं व्हायचं. वर्षातून चार-पाचदा, फार तर. चोरून जेवायचो खरे, पण पुढे आठवडाभर मला माणसात आल्यासारखं वाटायचं.

मुलगी दहावीत होती त्या वर्षी दिवाळीनंतर पोटमाळ्यावर खुडखुड सुरू झाली. नवरा म्हणाला, कबुतरं. जयपुरात कुठेही काही वाजलं की तो कबुतरांवर ढकलून मोकळा व्हायचा. माझं बालपण नारळांच्या खोपीला लागून असलेल्या खोलीत गेलं. उंदीर म्हणजे काय ते मला बँकेतल्या माणसाने सांगायची गरज नव्हती. "अहो, कबुतरं दिवेलागणीला झोपतात. ही त्याच वेळी उठतात," असं मी त्याला पंधरा दिवस सांगत होते. तो पेपरमधून मान वर न करता "बघू" म्हणायचा. त्या "बघू"ने माझा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी एका दुपारी टेबलावर स्टूल चढवून, हातात बॅटरी घेऊन मीच वर डोकावले. शंकेला जागाच नव्हती. तांदळाच्या दाण्याहून मोठ्या, काळ्या, टोकदार लेंड्या. भिंतीच्या कडेकडेने अंग घासून पडलेला तेलकट काळपट पट्टा. बदलीसाठी जपून ठेवलेल्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा भुगा, आणि डोळ्यांना झोंबणारा मुताचा दर्प. हे सगळं मी शांतपणे पाहिलं. मग बॅटरी कोपऱ्यात वळवली. परकराच्या चिंध्या झाल्या होत्या आणि पिशव्या फाटल्या होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणजे हे पाहुणे माझ्या सोड्यांच्या वासाने आले होते तर! दुसऱ्या कुणी औषध घालून विषय संपवला असता. इथे जीव मारायचा नाही, म्हणून बाजारातून लोखंडी पिंजरा आणला. पोळीला तूप लावलं. पोळी गायब, पिंजरा उघडाच. गुळाचा खडा लावला, तोही गेला. शेंगदाणे लावले, भजी लावली. मुलीची सराव परीक्षा चालू होती आणि मी उंदरांना रोज नवा नाश्ता पुरवत होते. नाकी नऊ आले, पण एक शेपूट काही अडकलं नाही.

पिंजरा आंटीजींच्या नजरेतून सुटला नव्हता. जिन्यातच त्यांनी मला गाठलं. "ऊपर दुछत्ती में कुछ खाने का रखा है क्या? चूहे यूँ ही थोड़े आते हैं!" दुछत्ती म्हणजे तोच पोटमाळा. रविवारी मालक, म्हणजे अंकलजी, मिस्त्रीला घेऊन येतील आणि सगळा माळा रिकामा करून बघतील, असं त्यांनी जाहीर केलं. मी "हाँ जी" म्हणून वर आले. तो डबा सापडला असता तर ऐन परीक्षेच्या तोंडावर घर सोडावं लागलं असतं. आणि आंटीजी ज्या बाईला आपल्या देवघराची किल्ली देऊन गावी जायच्या, ती खोटारडी निघाली असती. मला घराइतकीच याचीही भीती होती.

"फेकून दे," नवरा म्हणाला.

"तुमच्या आईने उन्हात बसून वाळवलेत का ते?" मी इतक्या जोरात ओरडले की खाली ऐकू गेलं असणार. सोडे घातलेलं वांगं दोनदा वाढून घेणारा माणूस हा! पण दुसरा उपाय मलाही सुचत नव्हता. कपाटात ठेवले तर उंदीर कपाटात येतील, असं मी मनाशी धरून बसले होते. ओळखीतलं एकुलतं एक मराठी घर कांदासुद्धा न खाणारं होतं. मालक घरात असताना शिजवणं शक्यच नव्हतं.

शनिवारी सकाळी मी डबा खाली काढला. झाकण पक्कं होतं, पत्र्यावर एक ओरखडाही नव्हता. हे मला दिसलं. खोपीशेजारी वाढलेल्या मला त्याचा अर्थ कळायला हवा होता. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल कुठे चालते? आमच्या गल्लीत टाकला तर कुत्री पसरतील आणि बभ्रा होईल, म्हणून डबा भाजीच्या पिशवीत घालून मी स्कूटरवरून थेट सी-स्कीमला गेले, नवऱ्याच्या बँकेमागच्या कचराकुंडीपर्यंत. झाकण उघडून एकदाच वास घेतला. मग डब्यासकट टाकला आणि परत येताना सगळ्या सिग्नलवर स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी अंकलजी शिडी लावून चढले. मिस्त्री खोकी खाली देत होता, मी हात जोडून उभी. पाच मिनिटांत वरून अंकलजींच्या हसण्याचा आवाज आला. पोटमाळ्याच्या मागच्या भिंतीला भोक होतं. पलीकडे जिन्यावरच्या कोठीत त्यांचा वर्षाचा गहू भरलेला होता. भोकाशी गव्हाचा कोंडा साचला होता आणि त्या कोंड्यात माझ्या परकराच्या चिंध्यांचं मऊ घरटं. "अरे, ये तो हमारे गेहूँ के चूहे हैं! हर दो-तीन साल में आते हैं."

म्हणजे त्यांना हवा होता तो परकर. सोड्यांना कुणी तोंडही लावलं नव्हतं.

मिस्त्रीने काचेचे तुकडे घालून भोक सिमेंटने बुजवलं. गव्हाची वाट बंद झाल्यावर आठवड्याभरात पाच उंदीर निमूट पिंजऱ्यात आले, आणि अंकलजींनी ते एकेक करून नाल्यापलीकडे सोडले. पण ते नंतरचं. त्या रविवारी आंटीजी घेवर मिठाईची ताटली घेऊन वर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मैंने बेकार में शक किया. आप जैसे शुद्ध लोग नसीब से मिलते हैं." मी हसले. घेवरचा आणखी एक तुकडा उचलून तोंडात घातला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. गुडघ्यांचं सांगत होती. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती, म्हणजे गच्ची बंद.

"पुढच्या वर्षी सोडे काही होणार नाहीत गो माझ्याच्यानं," ती म्हणाली. "आहेत ते जपून वापर. आहेत ना?"

"आहेत की. अर्धा डबा आहे."

मुलगी समोर पुस्तक घेऊन बसली होती. मी फोन ठेवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आई, मतलब, आता आज्जीशी पण?"

मी तिच्यावर खेकसले की अभ्यास कर.