पाचव्या मजल्यावरच्या चपला

माझी पहिली मुलाखत बेळगावातल्या एका नव्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लिफ्टमध्ये मी कधीच चढले नव्हते. आतली फरशी इतकी चकचकीत, की सगळ्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला दाराबाहेरच काढल्या. मीही काढल्या. खाकी सदऱ्यातल्या लिफ्टमननं आत हात घालून बटण दाबलं आणि एसटीला निरोप द्यावा तसा बाहेरूनच हात हलवला. दारावर लाल आकडे आपोआप पेटू लागले. एक! दोन! तीन! आम्ही अनोळखी माणसं मोठ्यानं आकडे मोजत खिदळत होतो.

पाचव्यावर सगळेच उतरलो आणि पायाला गार लागलं. चपला खालीच! आता मुलाखतीला अनवाणी जायचं?

लिफ्ट खाली जाऊन परत आली. आत तोच लिफ्टमन, दहा बोटांत चपला अडकवलेला. त्यानं नुसते पाय बघून ज्याचा जोड त्याच्यापुढं ठेवला.

"रोजचंच हाय, आक्का," तो हसला. "सायेब म्हणत्यात, आता बटनावर चालतंय, तू कशाला? मी म्हनलं, मानसं जातील वर, पर चपला कोन आणनार?"

मुलाखत संपली. लिफ्टचं दार उघडलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी चपला हळूच दाराबाहेरच काढून ठेवल्या, अनवाणी आत शिरले आणि खालचं बटण दाबलं.