नणंद गोड बोलू लागली

घरात दुखणं शिरलं की माणसं गोड बोलू लागतात, आणि त्यासारखा छळ नाही. वहिनींना विचारा! लाँड्रीत वहिनी इस्त्री करायच्या, त्यांची धाकटी नणंद कपडे घ्यायची-द्यायची, आणि दोघींची दिवसभर जुंपलेली असायची. गिऱ्हाईकं ऐकायला मुद्दाम रेंगाळायची. मग वहिनींची कंबर जी धरली ती सुटेचना. गोळ्या झाल्या, शेक झाले, वर्षं गेली. इस्त्री नणंदेच्या हाती गेली आणि वहिनी खुर्चीवर बसून बटणं लावू लागल्या. त्या दिवसापासून नणंदेचं एकच, "हो वहिनी, तुमचंच बरोबर." वहिनींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता आपण भांडायच्यासुद्धा लायकीच्या राहिलो नाही, असं वाटून त्यांना रडू यायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहायला जा. "ही कंबर घेऊन?" वहिनी कडाडल्या, पण गेल्या. तलावावर दुखणेकऱ्यांचा वर्ग होता. पाणी कोमट, छातीइतकं. वहिनी कठडा सोडेनात. शिकवणाऱ्या बाईंनी पाठीखाली हात देऊन त्यांना उताणं तरंगवलं आणि कंबरेवरचा सगळा भार उतरला. "अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

पण स्वभावाला औषध नाही. कपड्यांचा ढीग संपल्याशिवाय इस्त्री खाली न ठेवणारी बाई ती! एकदा जरा बरं वाटलं, तर पोहतच सुटल्या, आणि मग आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. नणंद उशाशी बसून म्हणाली, "राहू द्या वहिनी, नका जाऊ आता. मी आहे ना." झालं! उठता येताच वहिनी पुन्हा तलावावर.

"अंगात जोर शिल्लक असतानाच बाहेर यायचं," शिकवणाऱ्या बाईंनी दटावलं. वहिनींना ते पोहण्यापेक्षा अवघड गेलं. पण शिकल्या. चार हात मारायच्या, तरंगायच्या, आणि अजून हवंसं वाटत असतानाच मुकाट्यानं पायऱ्या चढायच्या. दुखणं गेलं नाही. पण त्याचा धाक कमी झाला, आणि थोडा थोडा वेळ उभं राहता येऊ लागलं.

एका सकाळी नणंद गिऱ्हाइकाशी बोलत होती. वहिनींनी खुर्ची सोडली, इस्त्री उचलली आणि एक शर्ट पुढ्यात ओढला. नणंद वळली. बघत राहिली. तिचे ओठ हलले, मिटले, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"वहिनी, कॉलरीवर इस्त्री मधून टोकाकडे नेतात का कधी? ती सुरकुती बघा! शोभतं का हे?"

"तुझ्या जन्माआधीपासून कॉलरी करतेय मी! मला शिकवतेस?"

"मग दिसू दे ना कॉलरीत!"

वहिनींचे डोळे भरून आले. नणंद घाबरली. "दुखतंय का हो? बसा, बसा. माझंच चुकलं."

"दुखतंय," वहिनी म्हणाल्या. "पण खबरदार माघार घेतलीस तर. बोल पुढे."